सगुणाबायचा नंबर

सगुणाबायची आणि माझी ओळख एका पिशवीमुळे झाली, आणि ती पिशवी तिची नव्हतीच.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत नव्यानेच लागले होते. घाई हा माझा जन्मजात रोग. आई म्हणायची, ही पोरगी पान वाढायच्या आधीच हात धुवायला उठते. शाळा सुटली की बाजारपेठेतल्या किराणा दुकानात जायचं, चहा-साखर घ्यायची आणि खोलीवर येऊन वह्या तपासायच्या, हा माझा नेम. त्या दिवशी गेले तर दुकानाच्या दगडी पायऱ्यांवर सात-आठ कापडी पिशव्या ओळीने ठेवलेल्या, आणि माणूस एकही नाही. कुणीतरी ओझं टाकून गेलं असेल असं समजून मी एक पिशवी पायानंच बाजूला सारली आणि वर चढले.

"बाई, तितं मानूस हाय," मागून आवाज आला.

समोरच्या ओट्यावर एक बुटकी, काटक बाई बसली होती. नऊवारी लुगडं, मांडीवर काळी छत्री.

"कुठंय माणूस?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"ता काय, तुमच्या पायाशी. दवाखान्यात गेलीय ती. पन नंबर तिचा हाय."

मग मला कळलं. डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं सकाळच्या एसटीने खाली उतरायची. दवाखाना, कचेरी, पोस्ट, गिरणी, सगळी कामं एका दिवसात उरकून दुपारच्या गाडीने परत जायचं. दुकानात उभं राहायला वेळ कुणाला? म्हणून पिशवी उभी राहायची. पुढचा माणूस सामान घेऊन उतरला की ओट्यावर जो कुणी असेल तो मागच्या सगळ्या पिशव्या एकेक पायरी वर सरकवायचा. धनी वेळेत आला नाही तर त्याची पिशवी वरच्या पायरीवर कडेला थांबायची, आणि तो आला की पुढची पाळी त्याची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. दुकानदार शेटसुद्धा त्या पिशव्यांना हात लावायचे नाहीत.

"पाय लागला ना तिला?" सगुणाबाय म्हणाली. "मग पाया पडा."

ओट्यावरच्या बाया फिसकन हसल्या. मी चोवीस वर्षांची, गणिताची शिक्षिका, नाकावर राग. पण तिच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती, नुसती गंमत होती. मी वाकून त्या पिशवीला हात लावला आणि कपाळाला टेकवला. तेव्हा तिने सरकून मला शेजारी जागा दिली.

"आता तुमची पिशवी ठेवा शेवटाला."

"ही पर्स चालेल का?"

"चालंल की. पन उघडी ठेवू नका, न्हायतर आमाला राखन करावी लागंल."

त्या ओट्यावर मी पुढे कितीतरी दुपारी घालवल्या. सगुणाबाय आठवड्यातून एकदा यायची. तिची वाडी पार वर, डोंगराच्या खांद्यावर. निम्म्या घरांना कुलपं, कारण माणसं मुंबईत. तिचेही दोन्ही मुलगे तिकडेच. येताना तिच्याकडे पाच पिशव्या असायच्या. एक तिची आणि चार वाडीतल्या अशा म्हाताऱ्यांच्या, ज्यांना डोंगर उतरणं झेपत नव्हतं. पण पायरीवर ती एकच पिशवी ठेवायची, बाकीच्या चार त्याच पिशवीच्या पोटात घडी करून.

"पाच घरांचे पाच नंबर लाव की," मी एकदा म्हटलं.

"घरं पाच, पन मानूस एकच ना बाई? नंबर मानसाचा."

तिला अक्षरओळख नव्हती. त्या चौघींनाही नव्हती. म्हणून यादीच्या जागी प्रत्येक पिशवीत त्या त्या घरातल्या संपलेल्या सामानाची रिकामी वेष्टनं असायची. साबणाचा कागद, चहाची पुडी, उदबत्तीचं खोकं. सगुणाबाय दुकानात चढायच्या आधीच ती लावून ठेवायची आणि पाच घरांचं सामान शेटना घटकेत घालायला लावायची. मागच्या माणसाला आपल्यापायी ताटकळावं लागू नये, हा तिचा ध्यास. एकदा एका पिशवीत कसल्याशा परदेशी गोळीचा चकचकीत कागद निघाला. शेटनी सगळी फळी धुंडाळली, ते काही सापडेना. सगुणाबायच्या मग लक्षात आलं, की नातू मुंबईहून आला होता तेव्हाचा कागद म्हातारीने जपून ठेवलाय आणि चुकून पिशवीत टाकलाय. तिने तो पदराच्या टोकाला बांधून सुखरूप परत नेला.

ती काही देवमाणूस वगैरे नव्हती. भयंकर चौकस होती. माझ्या लग्नाची चौकशी ती भर ओट्यावर, दहा माणसांत करायची. "मागच्या आठवड्यातला तो काय झाला? काळा व्हता का?" मशेरी लावून थुंकायला उठायची तेव्हा मला किळस यायची. आणि तिच्यासमोर जरा कुठे नियमाला बगल द्यायची सोय नव्हती, त्याचा तर मला फार राग यायचा.

एकदा अशीच गर्दी होती. तिची पिशवी वरून दुसरी. इतक्यात एक तरणी पोर तापाने फणफणलेलं तान्हं कडेवर घेऊन आली. तिला फक्त ग्लुकोजची पुडी हवी होती, पण विचारायची हिंमत होईना. सगुणाबायने तिला हाक मारली, "ये गो, माझ्या जागी ये." आणि स्वतःची पिशवी उचलून ती सरळ शेवटाला जाऊन बसली. मध्ये नऊ पिशव्या.

"अगं, शेवटाला कशाला?" मी वैतागून म्हटलं. "तिच्या मागे थांब ना. एकच तर पुडी घ्यायचीय तिला."

"आन् ह्या नऊ जनांचं काय? मी तितंच ऱ्हायले तर त्यांच्या पुढं एक मानूस वाढला ना? मी माझा नंबर दीन बाई. दुसऱ्याचा कसा दीऊ?"

मी गणिताची बाई. पण कुणाला पुढे घेतलं की मागच्या प्रत्येकाच्या खिशात आपण हात घालतो, हा हिशेब माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. त्या दिवशी तिला गाडीसाठी धावत जावं लागलं. ड्रायव्हर ओळखीचा म्हणून थांबला.

दुसरी गोष्ट एका ठेकेदाराची. त्याने जीप दुकानासमोर चालूच ठेवली आणि पिशव्यांच्या डोक्यावरून शेटना ऑर्डर सोडायला सुरुवात केली. गिऱ्हाईक मोठं, शेट बिचारे वजनं घेऊन उठले. आता ही भांडणार म्हणून मी सरसावून बसले. पण ती उठली आणि गोड आवाजात म्हणाली, "शेट, सायबांना घाई हाय. निवांत होऊ द्या त्यांचं. चला गो, आपन तवर रस्त्याव बसू." तिने आपली पिशवी उचलली. बायांनी आपापल्या उचलल्या, गैरहजर माणसांच्यासुद्धा उचलल्या. पायऱ्या रिकाम्या झाल्या आणि उन्हात, रस्त्याच्या कडेला, त्याच क्रमाने पिशव्यांची ओळ लागली. दुकानात तो एकटाच उभा. दोन मिनिटं कसाबसा थांबला, मग खाली उतरून म्हणाला, "आजी, तसं नव्हतं मनात. या तुम्ही आधी." सगुणाबायने त्याला पानाची चंची पुढे केली. तो जीप बंद करून ओट्यावर शेवटाला बसला, आणि मुख्य म्हणजे नंतर नेहमी तसाच बसायला लागला.

पुढे रस्ता रुंद झाला. त्यात आधी दुकानाच्या पायऱ्या गेल्या, मग ओटा. शेटची मुलं पनवेलला गेली होती, शेटही तिकडेच गेले. मी निवृत्त झाले आणि महाडला, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत भाच्याच्या शेजारी राहायला आले. सगुणाबाय मधूनमधून बाजारात दिसायची. गुडघ्याच्या औषधासाठी तिला आता महाडपर्यंत यावं लागायचं. भेटली की दोन शब्द व्हायचे आणि मी निघायची. मला कसली एवढी घाई असायची कोण जाणे. निवृत्त बाईला कुठे वेळेवर पोचायचं असतं?

महाडला एक नवं मोठं दुकान निघालं. काचेची दारं, थंड हवा, आपला आपण माल काढून टोपलीत टाकायचा आणि शेवटी काउंटरवर बिल करायचं. गणपतीच्या आदल्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बिरवाडीकडचे कंपनीतले लोक, मुंबईहून आलेले चाकरमानी, पोरंबाळं, ढकलगाड्या. भाचा बाहेर गाडीत बसून होता. उदबत्त्यांच्या फळीपाशी मला सगुणाबाय दिसली. वाकली होती, पण हातात त्याच रिकाम्या पुड्या. पाच घरांचं सामान तिने एका लाल टोपलीत पाच ढीग करून रचलं होतं आणि प्रत्येक ढिगावर त्या घराचे कागद खोचले होते.

मला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"बाई, हितं पिशव्या दारातच काडून घेतल्या. मग नंबर कसा लावायचा? मना उबं ऱ्हावत नाय. आन् साडेतीनची गाडी चुकली तर मग उद्याच्यालाच. उद्या गनपती. चारी घरं वाट बगतायत."

माझा फोन वाजत होता. भाचा. मी तिच्याकडे धड न बघताच म्हटलं, "टोपली ठेव ना रांगेत. चालतं."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. टोपली रांगेत जमिनीवर ठेवली, पुढच्या बाईला सांगितलं आणि दारापाशी रखवालदाराच्या शेजारच्या स्टुलावर गुडघा चोळत बसली. पुढची बाई फोनवर बोलत होती, तिने काही ऐकलं नसणार.

मी माझं सामान घेऊन त्याच रांगेत आले, टोपलीच्या मागे दोघं सोडून. रांग पुढे सरकली, टोपली जागीच राहिली. ती सरकवायची असते हे तिथे कुणाला माहीत असणार? सगळ्या दुकानात ते माहीत असलेली मी एकटी. माझ्या पुढच्या तरुणाने ती टोपली पायाने सारली, त्याच्या पुढचा तर आधीच तिला ओलांडून गेला होता. मग माझी पाळी आली. वाकून ती टोपली उचलायची, पुढे नेऊन ठेवायची, एवढंच काम. फोन पुन्हा वाजला. मी तिच्या शेजारून पाऊल पुढे टाकलं.

थोड्या वेळाने सगुणाबाय आली. टोपली भिंतीशी पडली होती, एका ढिगावरचे कागद पसरले होते. तिने ते गोळा केले आणि टोपली उचलून रांगेत आपल्या जागी, म्हणजे माझ्या पुढच्या दोघांच्याही पुढे, उभी राहायला गेली.

"ओ आजी, लाईनमधे या ना! आम्ही काय येडे आहोत का?" तो तरुण ओरडला. मागून आणखी आवाज उठले.

"माजा नंबर व्हता बाला. टोपली व्हती माजी हितं."

"टोपलीचा कसला नंबर? माणूस पाहिजे ना उभा!"

रखवालदार आला. माणूस वाईट नव्हता. त्याने रांगेवर नजर टाकली आणि सगळ्यांत वयस्कर, चष्म्याशिवायची, सुशिक्षित दिसणारी बाई निवडली. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरं सांगा. यांची टोपली होती का पुढे? तुम्ही म्हणाल तसं."

सगुणाबायचा चेहरा उजळला. आता काळजी नाही, बाई आहेत, असं तिला वाटलं असणार.

हो म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही कशा पुढे गेलात? सगळे माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं. मला दिसली नाही."

माझा मोतीबिंदू काढून तेव्हा वर्ष झालं होतं. सुईत दोरा मी एका झटक्यात ओवत होते.

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मग रखवालदाराकडे वळली आणि मला सोडवून घेतल्यासारखी म्हणाली, "नसल दिसली बाईंना. वय झालं, डोळं कमी झालं असतील त्यांचं. त्या खोटं नाय बोलायच्या." आणि टोपली घेऊन ती रांगेच्या शेवटाला गेली. रांग तेल-पिठाच्या फळीपर्यंत लागली होती. माझं बिल झालं तेव्हा सव्वातीन वाजले होते. मी मागे न बघता बाहेर पडले.

गणपती गेले, गौरी गेल्या. त्या दिवसाचं कुणाला सांगायची सोय नव्हती. भाचा म्हणाला असता, मावशी, एवढंसं काय घेऊन बसलीस. शेवटी दिवाळीच्या आधी मी एकटीच एसटीत बसले आणि तिच्या वाडीला गेले. माफी मागायची, एवढं एक काम मनाशी धरून.

रस्त्यापासून वर चढायला पंधरा मिनिटं लागली. वाटेत एक बाई गुरं घेऊन येत होती. सगुणाबायचं घर विचारलं तर तिने दाखवलं, आणि बोलता बोलता सगळं सांगून मोकळी झाली. गणपतीच्या आदल्या दिवशी तिची गाडी चुकली. रात्रभर स्टँडवर बसून ती दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा आरत्या होऊन गेल्या होत्या. मुंबईहून आलेले त्या घरांचे मुलगे सगुणाबायवर चिडले. त्यांनी ठरवलं, यापुढे सामान आम्ही मुंबईहूनच पाठवू, तिच्याकडे पिशव्या द्यायच्या नाहीत.

"आता जात नाय ती खाली," बाई म्हणाली. "जाऊन करनार काय?"

सगुणाबाय अंगणात भात वाळवत होती. मला बघून धडपडत उठली.

"अगं बाय! ह्या डोळ्यांनी येवढी वर कशाला आलीस गो?"

तिने माझा हात धरून मला पडवीत नेलं, पाट दिला. कोरा चहा केला आणि कप माझ्या हातात नीट बसला याची खात्री करूनच सोडला. मी दोनदा तोंड उघडलं. "सगुणाबाय, त्या दिवशी..." असं म्हटलं की ती म्हणायची, "जाऊंदे त्या दिसाचं. बरं झालं, गुडगं सुटलं माजं. तू आदी सांग, डोळं दाकवलंस का? इलाज हाय का काय?" मी काय सांगणार? डोळ्यांना काही झालेलं नाही म्हटलं की मी तिच्या तोंडावर तिला फसवलं हे उघड होणार. आणि तेच तर सांगायला मी आले होते. चहा निवला. गाडीची वेळ झाली.

माझे डोळे गेलेत हे तिला खरंच वाटत होतं, का त्या दिवशी चारचौघांत राखलेली माझी लाज ती अजून राखत होती, हे मला आजही कळलेलं नाही. विचारायला आता ती नाही. होळीच्या सुमारास गेली, असं बाजारात कुणीतरी सांगितलं.

त्या दिवशी मला पोचवायला ती रस्त्यापर्यंत उतरली. दुखऱ्या गुडघ्यांची ती पुढे, धडधाकट मी मागे, माझा हात तिच्या हातात. "हितं दगूड हाय. आता खाली पाय टाक. हलू गो, हलू, हितं शेवाळ हाय." मला प्रत्येक दगड दिसत होता, त्यावरची मुंगीसुद्धा दिसत होती. तरी मी चाचपडत पाय टाकत उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ती मला एकेरीत बोलत होती.

गाडी आली. तिने कंडक्टरला बजावलं, "ह्या आमच्या बाई. दिसत नाय त्यांना. महाडला हात धरून उतरवा." पुढच्या बाकावरची एक कॉलेजातली मुलगी लगबगीने उठली आणि तिने मला खिडकीची जागा दिली. माझ्याच्याने नको म्हणवलं नाही.

"मावशी, डोळ्यांना कधीपासून असं?" तिने विचारलं.

"गणपतीपासून," मी म्हणाले.

गाडी सुरू झाली. सगुणाबाय रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने हात हलवला नाही. मला दिसणार नाही, मग कशाला, असं तिला वाटलं असेल. हातावरच्या भाताच्या तुसासकट ती मला लख्ख दिसत होती. निरोपाचा हात वर करावा म्हणून मी तो मांडीवरून उचलला, आणि ते तिला दिसेल म्हणून तसाच खाली ठेवला.